१०×५० ची दुर्बीण आणि मुंबईच्या गच्चीवरून पुष्याचा तारकागुच्छ : माझा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, बाकीचं सावकाश वाचा. मुंबईत राहून आकाश बघायचंय, बजेट दहा हजारांच्या आत आहे आणि टेलिस्कोप घ्यावा की दुर्बीण ह्यात अडकला असाल तर १०×५० ची पोरो प्रिझमवाली (जिची पुढची भिंगं आयपीसपेक्षा जास्त रुंद अंतरावर असतात ती) दुर्बीण घ्या. मी गेल्या वर्षी घेतली, साधारण आठ हजारांना, फोर्टला बोराबाजारच्या बाजूच्या एका कॅमेऱ्याच्या दुकानातून, आणि तेव्हापासून मुलुंडला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून वापरतेय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण ह्याच आकड्यांच्या दुर्बिणी बऱ्याच कंपन्या बनवतात, आणि ह्या किमतीत एकाच कंपनीचे दोन पीसही सारखे निघतील ह्याची खात्री नसते, त्यामुळे नावापेक्षा आकडे आणि हातात घेऊन केलेली तपासणी जास्त महत्त्वाची आहे. ती कशी करायची ते खाली लिहिलंय.

दुर्बीण कशावर तपासली ते सांगते. चंद्र कुठल्याही दुर्बिणीतून सुंदरच दिसतो, त्यावरून काहीच ठरत नाही. मी निवडली कर्क रास, बारा राशींतली सगळ्यात फिकट. तिचा सगळ्यात तेजस्वी तारा ३.५ प्रतीचा आहे, बाकीचे चौथ्या-पाचव्या प्रतीचे (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप, तिचा आकडा वाढला की तारा फिका होतो, उलटं असतं ते), आणि आमच्या गच्चीवरून साधारण तिसऱ्या प्रतीपलीकडचं नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. म्हणजे मुंबईकरांसाठी कर्क रास आकाशात नाहीच म्हटलं तरी चालेल. आणि तिच्या बरोबर मधोमध पुष्य नक्षत्रातला तो तारकागुच्छ, मेसिए ह्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या यादीतला एम ४४. गावाकडच्या अंधारात नुसत्या डोळ्यांना पांढुरका धुरकट ठिपका दिसतो तो. इथे तो दाखवला तर दुर्बीण पास, असं मी ठरवलं होतं.

दाखवला, आणि नुसता दाखवला नाही तर तारे सुटे करून दाखवला.

ह्यामागचं कारण नीट समजून घ्या म्हणजे दुकानदार २०×५० किंवा झूमवाली गळ्यात मारायला लागला तर ठाम नाही म्हणता येईल. १०×५० मधला १० म्हणजे किती पट मोठं दिसणार आणि ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलीमीटरमध्ये. शहराच्या उजेडात आपल्या डोळ्याची बाहुली समजा पाचेक मिलीमीटर उघडते, भिंग तिच्या दहापट रुंद, म्हणजे गोळा होणारा प्रकाश शंभरपट. तारा दुर्बिणीतूनही बिंदूच राहतो, त्यामुळे तो सगळा वाढीव प्रकाश त्या एका बिंदूत येतो. आकाशाचा जो पिवळट उजेड आहे तो मात्र दहापट मोठा होऊन पसरतो, म्हणून मागचं आकाश काही जास्त उजळ होत नाही. शंभरपट म्हणजे हिशोबाने बरोबर पाच प्रती. म्हणजे जिथे डोळ्यांना तिसरी प्रत दिसते तिथे दुर्बिणीने आठवीपर्यंत जाता येतं, आणि पुष्याच्या गुच्छातले ठळक तारे सहाव्या-सातव्या प्रतीचे आहेत. एवढं साधं गणित आहे आणि मला ते फार आवडतं. ७×५० चांगली असते पण तिच्यातून सात मिलीमीटरचा झोत बाहेर येतो, शहरात आपली बाहुली तेवढी उघडतच नाही, मग तो प्रकाश वाया. २० पटवाली हातात स्थिर राहत नाही, तारे नुसते नाचतात. आणि ह्या किमतीतल्या झूमवाल्यांच्या वाटेला जाऊच नका, पट वाढवली की दिसायचा भाग आक्रसतो आणि चित्र अंधुक होतं.

टेलिस्कोपबद्दल पण लिहिते कारण सगळे तेच विचारतात. पुष्याचा गुच्छ आकाशात दीड अंश रुंद आहे, तीन पूर्णचंद्र शेजारी शेजारी ठेवले तर जेवढी जागा जाईल तेवढा. नवशिके घेतात तो ११४ मिमीचा, ९०० मिमी फोकल लेंथचा टेलिस्कोप २५ मिमीच्या आयपीसने (डोळा लावायच्या भिंगाने) ३६ पट मोठं दाखवतो आणि त्यात दीड अंशसुद्धा मावत नाही, म्हणजे तुम्ही गुच्छाच्या आत बघत असता आणि हा गुच्छ आहे हे कळतच नाही. माझ्या दुर्बिणीत साडेसहा अंश दिसतात. सगळा गुच्छ, भोवतीची रिकामी जागा, आणि कर्केच्या पोटातले चारही तारे एकाच वेळी. शनीची कडी बघायचीत तर टेलिस्कोप लागेलच, तिथे दुर्बिणीचं काम नाही, पण ह्या गुच्छासाठी आठ हजाराची दुर्बीण पंधरा-वीस हजाराच्या टेलिस्कोपपेक्षा खरोखर जास्त दाखवते.

आता कधी आणि कुठे. हा भाग जरा सविस्तर लिहिते कारण दुर्बीण घेऊन लोक गच्चीवर जातात आणि इकडे तिकडे फिरवून काही नाही म्हणून खाली येतात.

मुंबईचं एक मोठं भाग्य आहे जे फार जणांना माहीतच नाही. मुंबईचा अक्षांश साधारण १९ अंश आणि पुष्याचा हा गुच्छ खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरची आकाशातली रेघ) उत्तरेला साडेएकोणीस अंशांवर. म्हणजे तो मध्यावर येतो तेव्हा बरोबर आपल्या डोक्यावर असतो, फरक जेमतेम अर्धा अंश, आणि गुच्छच दीड अंश रुंद असल्यामुळे त्या क्षणी मुंबईचा ख-मध्य (बरोबर डोक्यावरचा बिंदू) चक्क गुच्छाच्या आतच पडतो! शहराचा उजेड आणि धूळ क्षितिजाजवळ सगळ्यात वाईट असते, डोक्यावर सगळ्यात कमी, आणि कर्क रास आपल्याकडे नेमकी तिथेच येते. २० मार्चच्या आसपास रात्री सव्वानऊ-साडेनऊला, १ मार्चला पावणेअकराच्या सुमारास, १ एप्रिलला साडेआठ-पावणेनऊला. रोज चार मिनिटं लवकर. एप्रिलच्या मध्यानंतर अंधार पडेपर्यंत ती पश्चिमेकडे कलायला लागते.

चंद्र नसलेल्या रात्रीच घ्या. होळीच्या पौर्णिमेला जायचं नाही, त्यानंतर पाचेक दिवस गेले की चंद्र उशिरा उगवायला लागतो, तिथून गुढीपाडव्यापर्यंत आणि पाडव्यानंतर तीन-चार दिवस संध्याकाळ मस्त काळी मिळते (मुंबईत जेवढी मिळेल तेवढी). रामनवमीला मात्र चंद्र पुनर्वसु-पुष्याच्याच भागात असतो, त्या दिवशी गुच्छ चंद्रप्रकाशात बुडून जातो. पंचांग किंवा कालनिर्णय बघून दिवस ठरवा, ह्या कामाला ते कुठल्याही ॲपइतकंच चांगलं आहे. आणि वारा सुटलेली रात्र निवडा, धुरकट हवेत दुर्बीण काही करू शकत नाही.

शोधायचं असं. मार्चच्या शेवटी साडेआठच्या सुमाराला मृग पश्चिमेकडे कललेला दिसतो, त्याच्या डावीकडे व्याध, हे दोन मुंबईत कोणालाही ओळखता येतात. मृगावरून वर डोक्याकडे या, तिथे जवळजवळ असलेले पुनर्वसूचे दोन तारे. मग पूर्वेकडे वळा, सिंह राशीचा विळा आणि त्याच्या मुठीशी मघा. आता पुनर्वसूच्या दोघांपैकी जो जरा पिवळसर आहे आणि मघेच्या बाजूला आहे तो धरा आणि तिथून मघेपर्यंत मनात रेघ ओढा. रेघेचे पाच भाग केले तर पुनर्वसूकडून दोन भाग संपतात तिथे पुष्य. हात लांब करून मूठ धरली तर मूठ साधारण दहा अंशांची होते, म्हणजे पुनर्वसूपासून दीड मूठ. तिथे नुसत्या डोळ्यांना काहीही दिसणार नाही. घाबरायचं नाही, दोन्ही बाजूंना ठळक तारे आणि मध्ये ही मोकळी जागा, तीच कर्क रास. नजर तिथेच ठेवायची, मान हलवायची नाही आणि दुर्बीण डोळ्यांपुढे आणायची. दुर्बिणीत बघत बघत शोधायला गेलात तर हरवणार.

एखादं वर्ष असंही येतं की गुरू किंवा मंगळ ह्याच भागात असतो, कारण सूर्याचा मार्ग पुष्याला जवळजवळ चिकटून जातो. तेव्हा मोकळ्या जागेत एकदम तेजस्वी काहीतरी दिसेल, तो ग्रह, गुच्छ त्याच्या आसपास शोधा.

मला पहिल्यांदा दिसला तेव्हा मी खरंच मोठ्याने ओरडले. काळ्या तव्यावर जाडं मीठ सांडावं तसे पंधरा-वीस तारे, मधल्या भागात दाट, कडेला विरळ, बहुतेक पांढरे आणि थोडा वेळ बघितलं की त्यातले काही नारंगी असल्याचं जाणवतं. उत्तरेला आणि दक्षिणेला एकेक ठळक तारा, दक्षिणेचा जास्त ठळक, तो आपल्या पुष्याचा योगतारा, म्हणजे नक्षत्राचा मुख्य तारा. ग्रीक लोक ह्या दोघांना गाढवं म्हणायचे आणि मधल्या धुरकट ठिपक्याला त्यांची गव्हाण. पश्चिमेला अजून दोन फिकट तारे आहेत, चारही मिळून चौकोन होतो आणि गुच्छ त्याच्या आत.

हजारो वर्षं लोकांना हा नुसता ढग वाटत होता. गॅलिलिओने १६०९ च्या सुमाराला आपली दुर्बीण त्यावर लावली तेव्हा पहिल्यांदा कळलं की हा ढग नाही, तारे आहेत, त्याने चाळीसेक मोजले. त्याच्या दुर्बिणीची दृष्टी इतकी अरुंद होती की माझ्या हातातली ही आठ हजाराची दुर्बीण गुच्छ त्याच्यापेक्षा कितीतरी आरामात दाखवते, आणि ह्याचं मला दर वेळी नवल वाटतं. मेसिएने तो १७६९ मध्ये यादीत ४४ वा म्हणून नोंदवला. गुच्छात साधारण हजारेक तारे आहेत, सगळे एकाच ढगातून जन्मलेले, वय साठ-सत्तर कोटी वर्षं, अंतर साधारण ६०० प्रकाशवर्षं. म्हणजे आपल्याकडे बहामनी राज्य होतं तेव्हा निघालेला उजेड आज मुलुंडच्या गच्चीवर पोचतोय. रोहिणीजवळच्या गुच्छाचं वय आणि आकाशातली चाल ह्याच्याशी जुळते, त्यामुळे दोघांचा उगम एकच असावा असं मानतात. आणि २०१२ मध्ये ह्यातल्या सूर्यासारख्या दोन ताऱ्यांभोवती एकेक ग्रह सापडला, गुरूसारखे पण ताऱ्याच्या अगदी जवळून फिरणारे तापलेले वायूचे गोळे. तारकागुच्छातल्या सूर्यासारख्या ताऱ्यांभोवती सापडलेले ते पहिलेच ग्रह. ते अर्थातच आपल्याला दिसत नाहीत पण तिथे बघताना माहीत असलं की बघण्यात फरक पडतो.

आमच्या मजल्यावरच्या आजींना वर घेऊन गेले होते, मूळच्या सातारच्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. खुर्चीत मागे टेकवून फोकस करून दिला. पहिला प्रश्न, "अगं, गुरुपुष्यामृतातला पुष्य तो हाच का?" म्हटलं हो आजी, हाच, चंद्र ह्याच्याजवळ असतो आणि वार गुरुवार असतो तेव्हा तो योग. "इतकी वर्षं ह्याच्या नावाने गुंजभर का होईना सोनं घेतलं गं, कोणी दाखवला नाही कधी." मग त्यांनीच सांगितलं की त्यांच्याकडे पुनर्वसूच्या पावसाला तरणा पाऊस म्हणायचे आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा. म्हातारा पाऊस २० जुलैच्या सुमाराला लागतो, सूर्य ह्या नक्षत्रात असतो तेव्हा, म्हणजे ज्या दिवसांत ह्या नक्षत्राचं नाव घरोघरी असतं त्याच दिवसांत ते दिसणं शक्य नसतं. आजी दुर्बीण सोडायलाच तयार नव्हत्या. पुनर्वसु, पुष्य, आश्लेषा, मघा ही नावं आपल्याला पाठ असतात आणि आकाशात ती ओळीने उभी असतात, मुंबईतसुद्धा, हे लोकांना दाखवायला मला फार म्हणजे फार आवडतं.

आता दुर्बिणीच्या अडचणी. वजन साडेआठशे-नऊशे ग्रॅम, ऐकायला कमी वाटतं पण दोन-तीन मिनिटांत हात थरथरतात. ट्रायपॉड घ्यावा असं वाटेल, पुष्यासाठी घेऊ नका, डोक्यावरची गोष्ट बघायला ट्रायपॉडखाली वाकून मान मोडून घ्यावी लागते. सरळ चटई टाकून आडवं व्हायचं आणि कोपर छातीला टेकवायचे, किंवा आरामखुर्ची, हातांवर टेकायला जागा असलेली. माझ्या अनुभवात चटईनेच सगळ्यात जास्त फरक पडला. सोबत आलेला पट्टा बारीक आहे, गळ्याला काचतो, मी जुन्या कॅमेऱ्याचा रुंद लावला. भिंगांवरची झाकणं सैल आहेत, हरवणार हे धरूनच चाला. कडेकडेचे तारे शेपटी आल्यासारखे दिसतात, मधला साठ-सत्तर टक्के भाग स्वच्छ, ह्या किमतीत हे चालवून घ्यावं.

चष्मेवाल्यांसाठी महत्त्वाचं. ह्या दुर्बिणीत डोळा भिंगापासून फार तर बारा मिलीमीटरवर ठेवावा लागतो, चष्मा लावून तेवढं जवळ जाता येत नाही आणि कडेचा भाग कापला जातो. नुसता जवळचा-लांबचा नंबर असेल तर चष्मा काढा, फोकसने तो भरून निघतो. उजव्या डोळ्याच्या आयपीसवर वेगळी फिरकी असते, आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्याचा फोकस करायचा, मग डावा मिटून त्या फिरकीने उजव्याचा. सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर मात्र चष्म्याशिवाय तारे बिंदू दिसत नाहीत, तुम्ही जास्त आय रिलीफवाली (म्हणजे डोळा भिंगापासून लांब ठेवता येईल अशी) बघा, थोडी महाग पडेल.

मुंबईतली खरी शत्रू बुरशी आहे. जून ते सप्टेंबर आकाश तसंही दिसत नाही, तेव्हा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवून द्या, कपाटात कापडी पिशवीत ठेवलीत तर भिंगावर जाळं धरेल आणि ते काढायला जेवढा खर्च येतो तेवढ्यात अर्धी दुर्बीण येते. आणि लहान मुलं घरात असतील तर एकच नियम, दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही, एक क्षणही बघायचं नाही, डोळा कायमचा जातो.

पुढचा टप्पा म्हणून त्याच कर्क राशीत एम ६७ नावाचा अजून एक गुच्छ आहे, राशीच्या दक्षिणेकडच्या टोकाला, वय साधारण चारशे कोटी वर्षं, जवळपास आपल्या सूर्याच्या वयाचा. मुलुंडहून मला तो कधी दिसलेला नाही. वांगणीच्या बाजूला अंधारात ह्याच दुर्बिणीतून मंद धुरकट ठिपका दिसला, तारे सुटे झाले नाहीत. तिकडे खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम होतात, दुर्बीण घेण्याआधी एकदा जाऊन आलात तर आपल्याला ह्यात किती रस आहे तेही कळेल. त्याच अंधारात पुष्य बघितला तेव्हा दुर्बीण बाजूला ठेवून नुसत्या डोळ्यांनीच कितीतरी वेळ बघत होते.

घेताना काय तपासायचं ते आता. माझ्या एका मैत्रिणीने ऑनलाइन मागवली आणि तिला प्रत्येक तारा जोडीने दिसायचा, दोन नळ्या एका रेषेत नव्हत्या, परत पाठवताना खूप मनस्ताप झाला, म्हणून मी दुकानातूनच घ्या म्हणते. दुकानाबाहेर येऊन लांबच्या बिल्डिंगवरचा अँटेना बघा, एकच दिसला पाहिजे, आणि मिनिटभर बघून डोळ्यांवर ताण येता कामा नये. मग दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा, आयपीसमध्ये दोन उजळ ठिपके दिसतील, ते पूर्ण गोल हवेत. कडा चौकोनी कापलेल्या वाटल्या तर प्रिझम स्वस्तातल्या काचेचं आहे, बॅक-४ (BaK-4) ह्या चांगल्या काचेत ठिपका गोल येतो. पुढच्या भिंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब हिरवट-जांभळट दिसलं तर कोटिंग चांगलं, लख्ख पांढरं दिसलं तर कोटिंग नाही, आणि लालभडक चमकणारी भिंगं दिसायला कितीही भारी वाटली तरी नको. मधलं चाक फिरवताना दोन्ही बाजू एकत्र हलतात ना, बिजागरी सैल नाही ना, एवढं बघा. दुकानदार बाहेर नेऊन बघू देत नसेल तर पुढचं दुकान गाठा, त्या भागात ती ओळीने आहेत, आणि मला ज्याने दोन पीस पाऊण तास आलटून पालटून बघू दिले त्याच्याकडूनच मी घेतली.